पारड्याखालचा हात

आभार मानायची पद्धत भुजंगच्या घरात कधीच नव्हती. कुणी मदत केली तर वेळेला आपणही धावून जायचं, संपलं; तोंडानं बोलून दाखवणं म्हणजे त्याला लग्नपत्रिकेतला मजकूर वाटायचा. असा हा माणूस दर बुधवारी अकरा वाजता मुबारकच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरताना मात्र चपला बाहेर काढायचा. ते दुकान काही देऊळ नव्हतं. परतूरच्या स्टेशन रोडवर एका अरुंद गाळ्यात चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि बाहेर पाटी: ‘परीक्षेचे फॉर्म भरून मिळतील’. पण बुधवारी अकरा ते बारा मुबारक गिऱ्हाइकांना बाहेर चहाच्या टपरीवर पिटाळायचा, पंखा बंद करायचा आणि शटर अर्धं खाली ओढायचा. लोडशेडिंगच्या दिवसांत इन्व्हर्टरची बॅटरी सकाळपासून जपून ठेवायचा. एक तास ते दुकान गोदूचं असे. गोष्ट दोन हजार नऊ सालची आहे.

गोदू म्हणजे भुजंगची सात वर्षांची मुलगी. नाव गोदावरी, आजीचं ठेवलेलं. डोळे असे बोलके, की बघणाऱ्याला वाटावं ही आता काहीतरी सांगणार. पण गोदू सांगत नसे. उशिरा बोलेल, उशिरा बोलेल म्हणता म्हणता चार वर्षांची झाली, तेव्हा तिची आई उषा तिला कडेवर घेऊन जालन्याच्या तपासणी शिबिराला गेली. तिथल्या डॉक्टरांनी स्वमग्नता असल्याचं सांगितलं आणि कागदावर पुण्यातल्या एका संस्थेचा पत्ता लिहून दिला. पुणं कुठं, परतूर कुठं! तो कागद तीन वर्षं देव्हाऱ्यातल्या फोटोमागं पडून राहिला. मग त्या संस्थेनं एक नवीनच प्रयोग काढला. लांबच्या गावातल्या मुलांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरून शिकवायचं, मुलं फक्त सहा घ्यायची. ही बातमी मुबारकनंच वाचली, अर्ज त्यानंच भरला, आणि सहातली एक जागा गोदूला मिळाली.

पडद्यावर गिरिजा मॅडम यायच्या. वय असेल तिशीच्या आसपास, मोठा चष्मा, आवाज शांत. खरं तर त्या गोदूपेक्षा उषालाच जास्त शिकवायच्या. चित्र कसं धरायचं, नाव घेऊन गप्प कसं बसायचं, मनात दहा मोजेपर्यंत पोरीच्या तोंडाकडं नुसतं कसं बघायचं. उषा घरी येऊन आठवडाभर तेच घोटायची. आणि तीन महिन्यांत एके दुपारी गोदूनं माठाकडं बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा. उषानं तिला लागोपाठ तीन पेले पाणी पाजलं आणि स्वतः ओट्याला टेकून रडली.

या शिकवणीत दर तीन महिन्यांनी एक फॉर्म यायचा. चाळीस प्रश्न. मूल मोठ्या आवाजाला घाबरतं का, कान झाकतं का, रोजची वस्तू बदलली तर आकांत करतं का, स्वतःला चावतं का. प्रत्येकापुढं चार उत्तरं: कधीच नाही, क्वचित, पुष्कळदा, सारखं. कधीच नाही म्हणजे शून्य, सारखं म्हणजे तीन. फॉर्म मराठीतच होता, पण मुबारकच्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटायचे, म्हणून मॅडम त्याचा फोटो काढून पाठवायच्या आणि मुबारक तो कागदावर छापून घ्यायचा. मुबारक मोठ्यानं वाचायचा, उषा उत्तर द्यायची, आणि भुजंग शेजारच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसायचा.

पहिल्या फॉर्मला एकशेवीसपैकी शहाऐंशी आले. भुजंगची छाती फुगली. “पहिला वर्ग की!” तो म्हणाला. मॅडमना हसू आवरेना. “दादा, यात जितके कमी तितकं चांगलं.” तो बिचारा इतका ओशाळला, की पुढचा आठवडाभर त्यानं मोंढ्यात कुणाला फॉर्मचं नावही सांगितलं नाही.

मोंढा म्हणजे परतूरचा धान्यबाजार, आणि भुजंग तिथला मापाडी. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला तोलून द्यायचा, हे त्याचं काम. पारड्याखाली हळूच हात लावला की भरलेलं पोतं हलकं दिसतं, शेतकरी नागवला जातो आणि व्यापाऱ्याचं साधतं. असे हात लावणारे मापाडीही होते. भुजंग माप करताना डावा हात पाठीमागं कमरेवर ठेवायचा, सगळ्यांना दिसेल असा. पंधरा वर्षांत तो हात पुढं आला नव्हता. वाटूरकडचे शेतकरी तर गाडी सोडतानाच विचारायचे, भुजंग कुठंय.

दुसऱ्या फॉर्मला एकसष्ट आले, तिसऱ्याला अडतीस. चौथ्याला मुबारक एकेक प्रश्न वाचत गेला आणि उषा म्हणत गेली, “कधीच न्हाई. कधीच न्हाई. क्वचित लिवा.” बेरीज झाली बावीस.

“उषाताई, कमाल केलीत तुम्ही,” गिरिजा मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांनी नियम सांगितला. सलग दोनदा तीसच्या खाली आकडा आला, तर त्या मुलाची पडद्यावरची शिकवणी संपते आणि जागा पुढच्या मुलाला जाते. रांगेत पुष्कळ मुलं होती. बावीस हा पहिला आकडा. महिन्याभरानं पुन्हा फॉर्म भरायचा, तोही तीसच्या आत आला की निरोप. “वाईट वाटून घेऊ नका. ही आनंदाची गोष्ट आहे.”

भुजंगनं ती आनंदाचीच मानली. पोरगी बरी होत आली, आणखी काय पाहिजे? मोंढ्यात त्यानं हमालांना चहा पाजला.  उषा मात्र रात्री भाकरी वाढताना म्हणाली, “अजून बोट दाखवायलाच तर लागलीय. आत्ताच कशी संपली शाळा?”

“मॅडमला कळत न्हाई का मंग?” भुजंग म्हणाला. “बावीस हाय, बावीस!”

“मॅडम म्हणत्यात तर असंल,” उषा म्हणाली.

फॉर्मला नऊ दिवस उरले असताना वाटूरहून फोन आला. उषाची आई द्वारकाबाई ओल्या फरशीवर घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, जालन्याला ऑपरेशन होतं. भाऊ होता, पण आईचं अंथरुणातलं करायला लेकच पाहिजे. गोदूला दवाखान्यात नेणं शक्य नव्हतं. उषा दारात पिशवी घेऊन उभी राहिली आणि तिचा पाय निघेना.

“जा तू बिनघोर,” भुजंग म्हणाला. “उन्हाळ्याचा मोंढा थंडच हाय. आठ दिवस मी सांभाळतो की. बावीस मार्कांची पोर हाय, त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं, हे त्याला दीड तासात कळलं.

त्याला येऊन जाऊन एक खिचडी करता यायची. कुकर शोधला तर तो फळीवर सगळ्यात वर, डब्यांच्या मागं, कागदात गुंडाळलेला. बायकांची ठेवायची रीत काही कळत नाही, असं म्हणत त्यानं तो काढला, धुतला, चढवला. पहिली शिट्टी झाली आणि गोदूनं जी किंकाळी फोडली ती भुजंगनं जन्मात ऐकली नव्हती. ती दाराकडं धावली, चौकटीवर कपाळ आपटलं, परत आपटलं, आणि स्वतःच्या मनगटाला दातांनी कडकडून धरलं. भुजंगनं धरायला हात पुढं केला तर तिनं त्यालाही ओरबाडलं. गॅस बंद करायचं सुचायच्या आत दुसरी शिट्टी झाली.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या पुष्पाबाई धावत आल्या. दोन्ही हातांत डझन डझन बांगड्या. त्या दारातून आत आल्या मात्र, गोदूनं दोन्ही कान गच्च झाकले आणि भिंतीला डोकं लावून आणखीच जोरात ओरडायला लागली. पुष्पाबाई जिथल्या तिथं थबकल्या. हात पदरात घेतले आणि उलट्या पावली उंबऱ्याबाहेर गेल्या.

“माझंच चुकलं बाई,” त्या बाहेरून हळू आवाजात म्हणाल्या. “उषा मला दारातच थांबवती. अन् बोलायचं तर हात पदरात घिऊन बोला म्हणती. बांगड्या वाजल्या की पोरीच्या डोक्यात कळ जाती जणू. घाईत इसरून गेल्ते.”

भुजंग खिचडीच्या वासात तसाच उभा राहिला. त्याला उषाचे हात आठवले. प्रत्येक हातात दोनच हिरव्या बांगड्या, आणि त्यांच्यावर हिरवाच दोरा गुंडाळलेला, काचेला काच लागू नये असा. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला त्याच्या बहिणीनं चार बायकांत टोचून विचारलं होतं, नवरा धडधाकट असताना वहिनीचे हात असे मुके का? घरी आल्यावर भुजंग स्वतःही चिडला होता. “ह्ये काय सोंग काढलंय?” उषा म्हणाली होती, “आवाज नको वाटतो.” तिला नको वाटतो, असं तो समजला. पुढं विचारायची तसदी त्यानं घेतली नव्हती.

त्या दिवशी त्यानं मेहुण्याच्या मोबाइलवर अकरा फोन केले. मेहुणा शेवटी वैतागून फोन उषाच्याच हातात देऊन बसला.

“ताट ढकलून देऊन राह्यली. जेवंना.”

“चेमटलेलं ताट घ्या. मांडणीवर डाव्या बाजूचं. भाकरी मोडू नका, सबंध ठिवा.”

“आंघोळीला आली न्हाई. डोक्यावर पाणी घातलं तर पळून गेली.”

“डोक्यावर न्हाई घालायचं. मागून, वाटीनं. अन् आधी पायावर.”

“नवा फ्रॉक घातला तर फाडून राह्यली.”

“उलटा घाला. शिवण बाहेरून आली पायजे. अन् अवो, बाहेर नेली तर गिरणीवरून नेऊ नका. मारुतीच्या मागून न्या, थोडं लांब पडतंय.”

“उषा, ह्ये समदं तू मला जाताना का न्हाई सांगितलं?”

पलीकडं उषा गोंधळली. “काय सांगायचं होतं? मी काय येगळं करून राह्यले? रोजचंच हाय की.”

तिला खरंच माहीत नव्हतं. हे सगळं तिच्या हातांत इतकं मुरलं होतं, की ते काम आहे हेच ती विसरली होती. चार वर्षं त्या घरात कुकरची शिट्टी वाजली नव्हती आणि चार वर्षं त्याच घरात जेवणारा भुजंग म्हणत होता, आमच्या इथं भात मोकळा होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं झाडताना गोदूची चिंचोक्यांची रांग मोडली. खाटेखाली भिंतीलगत लावलेली, त्याला कचरा वाटलेली. गोदू खाटेखाली शिरली आणि रडायला लागली. एक तास झाला, दीड झाला. चित्रं दाखवून झाली, गूळ देऊन झाला, ओरडूनही झालं, आणि ओरडल्याची लाज वाटून झाली. भुजंगला काही म्हणता काही सुचेना. शेवटी तो खाटेशेजारी जमिनीवर बसला, सांडलेले चिंचोके पुढ्यात ओढले आणि त्याला आयुष्यात जे एकच नीट येत होतं ते त्यानं सुरू केलं. मोंढ्यात माप मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एकेक चिंचोका वाटीत टाकत तो मोंढ्यातल्या त्याच संथ, लांबवलेल्या सुरात म्हणायला लागला. “लाऽभ… दोऽन… तीऽन…”

वीसवर रडणं हुंदक्यांवर आलं. तिसावर थांबलं. चाळिसाव्या चिंचोक्याला खाटेखालून एक छोटा हात बाहेर आला आणि त्यानं पुढचा चिंचोका वाटीत टाकला. भुजंग मोजत राहिला, कारण थांबायची त्याला भीती वाटत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. त्या क्षणी त्याला या पोरीचे, त्या चिंचोक्यांचे, मोंढ्याचे, सगळ्यांचेच उपकार वाटले.

आणि मोजता मोजताच त्याला तो फॉर्म आठवला. ताट बदललं तर आकांत करते का? कधीच न्हाई. आवाजाला कान झाकते का? क्वचित. स्वतःला चावते का? कधीच न्हाई. उषा खोटं बोलली नव्हती. ताट बदलतच नव्हतं, आवाज होतच नव्हता, मग चावणार कशाला? पण मापाड्याला एवढं कळू नये? चाळीस प्रश्नांचं पोतं तराजूत घातलं होतं, काटा बावीस दाखवत होता, आणि पारड्याखाली सगळा वेळ उषाचा हात होता, दर फॉर्मला आणखी थोडा सराईत झालेला. त्याला दिसला नव्हता, मॅडमना दिसला नव्हता, आणि तो आपला आहे हे उषालाही ठाऊक नव्हतं.

उषा मंगळवारी संध्याकाळी परतली. आईचं ऑपरेशन नीट झालं होतं. तिनं पिशवी ठेवली, गोदूचं मनगट हातात घेतलं, त्यावरचे दातांचे वण बघितले आणि हळद-तेल लावायला बसली. भुजंगला वाटलं होतं, ती आली की आपण तिला काहीतरी बोलू. काय बोलायचं ते त्यानं आठ दिवसांत तीनदा ठरवलं होतं. ऐन वेळी तोंडातून निघालं ते भलतंच.

“उद्या फॉर्म हाय. उद्या खरं सांगायचं.”

उषाचा हात थांबला. “म्हंजे? मी खोटं सांगितलं का आजवर?”

“खोटं न्हाई गं. पण पारड्याखाली तुझा हात हाय. त्यो काढून तोललं तर बावीस न्हाई भरत.”

त्यानं आठ दिवसांचं सगळं सांगितलं. उषा ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. मग ती एकदम उसळली. “मंग काय करू? हात काढून घिऊ? पडू देऊ पोरीला? अन् आता मॅडमला काय वाटंल, ही बाई वर्षभर खोटं लिवून देती म्हणून? हाय ती जागा जाती, अन् तोंड दाखवायला बी जागा राहत न्हाई.”

 फॉर्म बावीसचा भरला तर जागा जात होती, आणि खरा भरला तर अब्रू जाऊन वर जागाही जायची भीती होती. दोघं त्या रात्री गोदूच्या दोन बाजूंना नुसतीच पडून राहिली.

बुधवारी अकराला मुबारकनं शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला. पडद्यावर मॅडम आल्या, हसल्या, आणि भुजंग उठून उभाच राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. त्याचा डावा हात पाठीमागं कमरेवर होता.

“मॅडम, आज म्या सांगतो. अन् जे इचारायचं ते दोनदा इचारा. उषा असताना काय होतंय, अन् उषानं काईच केलं न्हाई तर काय होतंय.”

मॅडमना आधी कळेना. मग त्यानं कुकर सांगितला, ताट सांगितलं, उलटा फ्रॉक आणि मारुतीच्या मागचा रस्ता सांगितला. शेवटी उषाचा हात धरून कॅमेऱ्यापुढं केला, तो दोरा गुंडाळलेल्या बांगड्यांसकट. उषा लाजून हात मागं घेत होती. मुबारक प्रश्न वाचत होता. त्याच्या टेबलावर चहाचा कप वाजायचा नाही, कारण उषाभाभीनं पहिल्याच बुधवारी त्याला कपाखाली रुमाल ठेवायला सांगितलं होतं. तोही ते विसरून गेला होता.

चाळीस प्रश्न संपले. उषानं सांभाळलं तर बावीस. न सांभाळलं तर एकाहत्तर.

मॅडमनी चष्मा काढला.  उषाला राहवेना. “मॅडम, मी मुद्दाम न्हाई केलं हो,” ती म्हणाली. “तुमी इचारलं करती का, न्हाई करत म्हणून सांगितलं. जागा काढून घ्यायची तर घ्या, पण खोटारडी समजू नका.”

“उषाताई,” मॅडम म्हणाल्या, “चूक तुमची नाही, फॉर्मची आहे. आम्ही मूल काय करतं ते विचारलं. त्याच्यासाठी कोण काय करतंय, हे विचारलंच नाही. तुम्ही जे करता ते चांगलंच आहे. ते आम्ही मोजलं नाही, हे वाईट.” त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “गोदूची शिकवणी कुठंही जात नाही.”

“अन् रांगेतल्या लेकराचं?” भुजंगनं विचारलं. हा प्रश्न त्याला चिंचोके मोजल्यापासून टोचत होता.

“त्याच्यासाठी मी भांडेन. पण खोट्या आकड्यानं जागा रिकामी करून नाही देणार.”

“मंग माझ्या हाताचं काय करू?” उषानं विचारलं. “काढू का ठिवू?”

“एकदम काढायचा नाही. शिवण बाहेरून ठेवली तर कुणाचं काही बिघडत नाही, ते तसंच राहू द्या. बाकीच्यातलं थोडं थोडं सोडू, गोदूला झेपेल तसं. आणि थोडं दादांकडं द्या.”

तसं सुरू झालं. आंघोळ भुजंगकडं आली. पहिल्या वाटीला लाभ म्हटलं की गोदू पाय पुढं करायला लागली. गिरणीचा रस्ता रोज दहा पावलं जास्त, मग मागं. कुकर अजून फळीवरच होता. बांगड्यांचं मॅडमनी सगळ्यात शेवटी काढलं. आधी एका बांगडीचा दोरा सोडायचा, आणि ती वाजण्याआधी गोदूला दाखवायची. गोदू कधी ओरडायची, कधी नुसती कान झाकून बसायची. दरम्यान एका शुक्रवारी भुजंग पोरीजवळ बसला आणि उषा चार वर्षांत पहिल्यांदा पुष्पाबाईंकडं हळदीकुंकवाला गेली. अर्ध्या तासात परत आली, पण गेली.

सहा महिन्यांनी नवा फॉर्म आला. आता त्यात प्रत्येक प्रश्नापुढं दोन रकाने होते, सांभाळून आणि न सांभाळता. पुण्याच्या संस्थेतली सगळीच मुलं आता तशीच मोजली जात होती, असं मॅडम म्हणाल्या. न सांभाळता, गोदूचे एकोणपन्नास भरले. भुजंग पिशवीतून पेढे घेऊन आला होता. मुबारक हसायला लागला.

“भुजंगभाऊ, बावीसला चहा पाजला, अन् एकोणपन्नासला पेढे? उलटाच हिसाब है तुमचा.”

“ह्ये वजन बराबर हाय,” भुजंग म्हणाला.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ असायची, ‘इतर काही सांगायचे असल्यास’. भुजंग दर वेळी म्हणायचा, काई न्हाई, आणि मुबारक आडवी रेघ मारायचा. त्या दिवशी मुबारकनं रेघ मारायला हात नेला तसा भुजंग म्हणाला, “थांब. लिव्ह.”

“काय लिव्हू?”

 भुजंग टेबलाकडं बघत राहिला. “लिव्ह… उषाचे आभार.”

मुबारकनं त्याच्याकडं बघितलं, मग शेजारच्या खुर्चीतल्या उषाकडं. “अरे भाऊ, भाभी बाजूलाच तर बसलीय. तोंडानं सांगा ना!”

“तोंडानं न्हाई जमत. तू लिव्ह जल्दी.”

मुबारकनं लिहिलं.  उषानं पदर डोळ्यांना लावायला हात उचलला आणि तिच्या मनगटावरच्या दोन्ही बांगड्या, कालच दोरा सोडलेल्या, एकमेकींवर वाजल्या. खणकन वाजल्या. 

गोदूनं डावा कान झाकला. उजवा हात तिनं लांब केला आणि आईच्या मनगटावरच्या बांगड्या मुठीत धरून ठेवल्या. ओरडली नाही.

मुबारकनं हळूच पेन फॉर्मवर परत वर नेलं, सतराव्या प्रश्नापाशी थांबला: मूल कान झाकतं का? “भाऊ,” तो कुजबुजला, “एका कानाचं काय लिव्हू?”